दहावी सही

आई,

सव्वाअकरा वाजलेत. सूचक म्हणून तुम्ही केलेली सही बाद झाली. आपला रोहित मतदारयादीत तुमचा अनुक्रमांक शोधत होता, तर तुमचं नाव अजून घोटीच्याच यादीत निघालं. म्हणजे मतदारसंघच दुसरा. चूक माझी, मी आधी बघायला हवं होतं. अपक्षाला दहा सूचक लागतात आणि आज अर्जाचा शेवटचा दिवस, तीनपर्यंतच घेतात.

नव्या अर्जावर बाकी नऊ जणांनी हसत हसत पुन्हा सह्या केल्या. दहाव्या सहीसाठी बिल्डिंगमध्ये आत्ता घरी सापडल्या त्या फक्त शेजारच्या वत्सलाकाकू. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडयांच्या जागेवरून तुमचं काय झालं ते मला माहीत आहे. त्याही विसरलेल्या नाहीत. म्हणाल्या, "आमदार हो गं खुशाल! पण तुझ्या सासूला म्हणावं, स्वतः येऊन विचार. मग पेन उचलते."

तुम्ही फोन चार्जिंगला लावून भजनाला गेलात, म्हणून ही चिठ्ठी. मी शपथपत्रासाठी नोटरीकडे जातेय, दीडपर्यंत येते. अर्ज काकूंकडेच ठेवलाय. कुरडयांचा विषय काढू नका. त्यांनी काढलाच, तर जागा त्यांची होती असं एकदा म्हणून टाका. निवडून आले की गच्चीचं मी बघते.

पोळ्या झाल्यात, आमटी गरम करून घ्या.

आत्ता चपला घालायला गेले तेव्हा पाहिलं, काकूंचं दार सताड उघडं आहे आणि त्यांनी बाहेरच्या खोलीत दुसरी खुर्ची आणून ठेवली आहे.

योगिनी