दाजींचं फुकटचं काम

३ सप्टेंबर, मंगळवार

शी! फोन ठेवला आणि हात धुतले. फोनवर बोलून कोणी हात धुतं का? मी धुतले. साबण लावून.

माझे पैसे दाजीच गुंतवतात. त्यांना एवढंच विचारलं होतं – माझ्या पैशांतले निम्मे काढता येतील का? घरमालकीणबाई हे घर विकताहेत. बाहेर कोणाला सांगायच्या आधी मला विचारलं. "अकरा वर्षांत भिंतीला खिळा ठोकायचा तरी मला विचारून ठोकलात. घर तुम्हालाच द्यायचंय. ऑक्टोबर संपेपर्यंत सांगा." दोन खोल्या, छोटं स्वयंपाकघर, मागे दोरीभर कपडे वाळतील एवढं ऊन. पुढच्या वर्षी निवृत्त झाल्यावर मला आणखी काय हवंय?

तर दाजी – "अगं राणी, आत्ता काढलेस तर नुकसान!" राणी! सत्तावन्न वर्षांच्या बाईला. "मी बसलोय ना? तू सही कर, बाकी माझ्यावर सोड." आणि ते हसणं. घशात काहीतरी अडकल्यासारखं.

मागच्या वर्षी गुडघ्याच्या वेळी हेच वाक्य. गाडी घ्यायची म्हटलं तेव्हाही हेच. पैसे माझे, आणि ते काढायची योग्य वेळ एकोणीस वर्षांत एकदाही आलेली नाही.

५ सप्टेंबर

जेवणाच्या सुट्टीत मेट्रनबाईंना सांगितलं. त्यांनी सरळ विचारलं, "पैसे आहेत कशात?"

मला सांगता येईना! तीस वर्षं एक्स-रे काढतेय. लोकांची हाडन् हाड बघितलं. स्वतःचे पैसे कशात आहेत ते माहीत नाही. लाजेनं कान तापले.

त्यांनी एका बाईंचा नंबर दिला. त्या कुठल्या कंपनीच्या नाहीत, काही विकत नाहीत. कागद बघतात, सल्ला देतात आणि फी घेतात. फीचा आकडा ऐकून माझे डोळे पांढरे. म्हटलं, "आमचे दाजी एक पैसा घेत नाहीत हो!"

"नाही घेत?" एवढंच म्हणून मेट्रनबाईंनी डबा बंद केला.

१० सप्टेंबर

दाजींच्या ऑफिसात कागद मागायला गेले. आधी "कागद कशाला?" मग "कोण कान भरतंय तुझे?" मग "एवढासुद्धा विश्वास नाही?" शेवटी ताईला फोन लावला आणि तो माझ्याच हातात दिला. ताई म्हणाली, "त्यांना का त्रास देतेस? ते तुझं सगळं फुकट करतात गं." मी म्हटलं, "हो ताई. पण कागद हवेत." हेच चार वेळा म्हटलं. चौथ्यांदा माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

तेवढ्या वेळात त्यांच्यामागची भिंत बघून घेतली. विमा कंपनीनं दिलेल्या ढाली, चषक. समुद्रकिनाऱ्यावरचा फोटो – ताई, दाजी, दोघांना काळे चष्मे. सहल कंपनीनं दिली होती, "उत्तम कामगिरी" म्हणून. तेव्हा मला कौतुक वाटलं होतं. विमानतळावर सोडायला मीच गेले होते!

फाइल मिळाली. चांगली जाड आहे.

१४ सप्टेंबर, शनिवार

चष्म्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर त्या बाईंचं ऑफिस. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंती कोऱ्या. चहासुद्धा विचारला नाही. पाणी दिलं. मनात आलं, एवढी फी घेते आणि घोटभर चहा नाही! मी त्यांचं नाव ठेवलं – फीवाली.

तासभर वाचत होत्या. मग विचारलं, "तुम्हाला मुलं किती?"

"नाहीत. लग्न नाही केलं."

"तुमच्या पगारावर कोण अवलंबून आहे?"

"कोणीच नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. एक कागद माझ्याकडे फिरवला. "मग ही मुलांच्या उच्चशिक्षणाची योजना तुम्ही कोणासाठी घेतलीत?"

वाचलं. खाली माझी सही. सहीच्या बाजूला पेन्सिलची पुसट फुली. दाजी फुल्या मारून ठेवायचे आणि मी फुलीपाशी सही करायचे. दर मार्चमध्ये, ताईच्या जेवणाच्या टेबलावर, हसतखेळत.

आयुष्यात कधी मूल नव्हतं मला. त्याच्या शिक्षणासाठी नऊ वर्षं हप्ते भरले.

जिना उतरून खालच्या पायरीवरच बसले. चष्म्याच्या दुकानातल्या माणसानं खुर्ची दिली.

२१ सप्टेंबर

फीवालीनं सगळं एका कागदावर मांडून दिलंय. आठ विमा पॉलिसी. त्यांतल्या पाच मुदतीआधी बंद केलेल्या – "जुनी झाली, नवीन चांगली आलीय" म्हणून. दर वेळी तोटा माझा आणि पहिल्या वर्षाचं घसघशीत कमिशन दाजींचं. माझ्यामागे रडायला एक माणूस नाही, आणि आठ विमे! सगळ्यांत वारस ताई.

"तुमचे पैसे नुसते बँकेत पडून राहिले असते," फीवाली म्हणाली, "तरी आज हे घर झालं असतं."

"आणि आता?"

"उपाशी मरणार नाही तुम्ही. पण घर होणार नाही."

मी म्हटलं, "दाजी फुकट करत होते." का म्हटलं कोणास ठाऊक! सवयीनं.

"फुकट नव्हतं. पावती मिळत नव्हती, इतकंच."

रागच आला बाईचा. घरी येईपर्यंत तिचाच राग करत होते. तो सोपा होता.

२९ सप्टेंबर, रविवार

ताईकडे गेले. कागद टेबलावर ठेवला. त्याच टेबलावर.

वाटलं होतं दाजी नाकारतील, खोटं बोलतील, निदान चिडतील. काही नाही! चष्मा लावला, कागद वाचला, घडी घालून परत दिला. म्हणाले, "बरोबर आहे. अगं, कमिशन कोणीतरी खाणारच होतं. परक्यानं खाण्यापेक्षा घरात राहिलं!"

हे बोलताना बशीतलं बिस्किट चहात बुडवत होते. बिस्किट तुटून आत पडलं, तर चमच्यानं काढून खाल्लं. ते चावणारं तोंड डोळ्यांसमोरून जात नाही. चोरीपेक्षा त्या स्वस्थपणाची शिसारी आली.

मी ताईकडे बघितलं. वाटलं, आता बोलेल.

बोलली! "आमच्या घरातले कागद परक्या बाईला दाखवलेस? त्यांची काही अब्रू आहे की नाही? एकटी राहतेस म्हणून एवढी वर्षं तुझं सगळं बघितलं. आमच्याशिवाय आहे कोण तुला?"

खरंच कोणी नाही. मी कागद उचलला, चपला घातल्या. दाजी दारापर्यंत आले. "राग निवळला की ये हो, राणी."

१ ऑक्टोबर

ताईचा फोन नाही. आई गेल्यापासून दोन दिवस फोन नाही असं पहिल्यांदाच झालं.

४ ऑक्टोबर

यापुढे दाजी माझे सल्लागार नाहीत, अशा पत्रांवर सह्या केल्या. कंपन्यांना एकेक पत्र. फीवालीनं फुल्या मारल्या नव्हत्या. "कुठं सही?" विचारलं तर म्हणाली, "वाचा. कळेल." पाऊण तास लागला. तिनं एकदाही घड्याळ बघितलं नाही.

फीचा चेक दिला. हात जड झाला. पण पावती मिळाली! छापील, शिक्का मारलेली. पर्समध्ये ठेवलीय आणि उगीच दोनदा काढून बघितली.

सगळ्यात जास्त घाण वाटते ती माझीच. शिकली-सवरलेली, कोणाच्या बापाला न घाबरणारी. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी चुकीची बाजू लिहिली तर फॉर्म परत पाठवते. आणि इथं एकोणीस वर्षं न वाचता सह्या! का? कारण दर मार्चमधल्या एका रविवारी कोणीतरी मला जेवायला बोलवत होतं.

हे लिहायचं नव्हतं. लिहिलं गेलं.

११ ऑक्टोबर

दाजी आज हॉस्पिटलमध्ये हजर! एक्स-रेच्या खोलीबाहेर बाकावर, रुग्णांच्या रांगेत, मांडीवर फाइल. पत्रं पोचली असणार. मला बघून उठले आणि सगळ्यांदेखत, "राणी, दोन मिनिटं."

कोपऱ्यात नेऊन म्हणाले, वर तक्रार गेली तर विमा विकायचा परवाना जाईल. म्हणाले, खिशातून थोडं भरून देतो. म्हणाले, ताईला रक्तदाब आहे. एका दमात सगळं. मग फाइलमधून कागद काढला – मी सगळं समजून-उमजून घेतलं होतं, माझी कसलीही तक्रार नाही. खाली फुली. पेन्सिलची!

हसूच आलं. माणूस बुडायला आला तरी फुली मारतो.

म्हटलं, "माझं नाव राणी नाही. बाजूला व्हा, रुग्ण खोळंबलेत."

कपाळावर घाम होता. माझा दंड धरला त्यांनी. ओला, गरम हात. शी! मी तो सोडवला आणि आत जाऊन पुढचं नाव पुकारलं. आवाज कापला नाही.

तक्रार संध्याकाळी टाकली.

१९ ऑक्टोबर

घरमालकीणबाईंना सांगितलं, घर घेणं जमणार नाही. त्यांना वाईट वाटलं. मला त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं, म्हणून नळाच्या गळतीबद्दल बोलत बसले. घर एक दातांचे डॉक्टर घेताहेत. डिसेंबरअखेर मला निघायचंय.

निवृत्तीनंतर दोन वर्षं आणखी काम करू द्या, असा अर्ज हॉस्पिटलला दिलाय. मेट्रनबाईंनी स्वतः नेऊन दिला. उरलेल्या पैशांचं काय करायचं ते फीवालीनं एका पानात लिहून दिलं. सगळं समजलं. हेच एक बरं झालं.

२० ऑक्टोबर

ताईच्या मोलकरणीला भाजीच्या दुकानात विचारलं, ताई कशी आहे. म्हणाली, "बोलत नाहीत कोणाशी. कपाटं उपसतात."

२७ ऑक्टोबर, रविवार

दुपारी बेल वाजली. ताई. एकटी, रिक्षानं आलेली. बस म्हटलं तरी बसली नाही. पर्समधून चौघडी घातलेला कागद काढला. राहत्या घरावर काढलेल्या कर्जाचा. ते घर बाबांनी तिच्या नावावर केलेलं. खाली तिची सही.

"ही मी केलेली नाही," म्हणाली.

कागदाची पुन्हा घडी घातली, पर्समध्ये ठेवला. मग, माझ्याकडे न बघता –

"त्या बाईंची फी किती आहे गं?"