मुरायला ठेवलेली बाटली

४ सप्टेंबर
केंटकीतल्या या गावात आज दाखल झालो. गाव कसलं, एक पेट्रोल पंप, दोन चर्चं आणि तंबाखू सुकवायची काळी कोठारं. पण पगार झकास, आणि कारखान्याच्या माडीवर खोली फुकट. घरच्या घरी वेपचं, म्हणजे विजेवरच्या सिगारेटचं, द्रव बनवणाऱ्या हौशी मंडळींना मालकीण नडीनबाई तंबाखूचा अर्क विकतात. तो चाखून शेरा लिहायचा, हे माझं काम. माझ्याआधी व्हर्लन नावाचा म्हातारा होता. त्याची वही वाचून पोट धरून हसलो. ‘गोड. गवतासारखा. बरा.’ हा म्हणे चाखणारा! माझी जीभ कॉफीचा मळा ओळखते.

५ सप्टेंबर
नऊ नंबरचा अर्क शंभराला आठ या प्रमाणात वेपच्या द्रवात मिसळून बाटली भरली. अर्काच्या डब्यावर व्हर्लनची चिठ्ठी: मिसळल्यावर बाटली एकवीस दिवस उघडू नये, एकटी मुरू द्यावी. अडाण्यांचं सोवळं! मी रोज झुरका घेऊन बघणार. नडीनबाई म्हणाल्या, ‘बघा बाबा, तोही असाच शहाणा होता.’ तो कुठे गेला, ते मात्र सांगेनात.
शेरा: ओला पुठ्ठा. शेवटी पेपरमिंट. अर्कात पेपरमिंट नाही. भांडी नीट धुतलेली नसणार.

९ सप्टेंबर
पेपरमिंट वाढलं. सांगितलं तर बाईंचे डोळे भरून आले. व्हर्लन दिवसभर पेपरमिंट चघळायचा म्हणे. गावंढळ हळवेपणा, दुसरं काय. कॉफी आज अगदीच बेचव. यंत्र बदला म्हणून बजावलं.

१३ सप्टेंबर
बाटलीत कॉफी लागते. माझीच, जरा करपलेली, दोन चमचे साखरेची. कपात मात्र नुसतं गरम पाणी.

१८ सप्टेंबर
नाश्त्याला पावावर ओततात ती पांढरी ग्रेव्ही म्हणजे नुसती खळ. तिच्यातली मिरी आणि लोणी बाटलीत आहे. घाबरलोय. जीभ गेली तर माझ्याजवळ उरतं काय? बाटली मोरीत ओतायला गेलो. झाकण उघडलं आणि — एकच झुरका. फक्त एकच.

२२ सप्टेंबर
आईचा मक्याचा पाव — तव्याला लागलेली ती खरपूस कड — सगळं बाटलीत. आईला फोन लावला. पलीकडे कुणी बाई रडत होती. कोण होती ती —

२६ सप्टेंबर
एकवीस दिवस झाले. नडीनबाईंनी झुरका घेतला, डोळे मिटून हसल्या. म्हणाल्या, व्हर्लनला सोबत झाली. हा जरा गर्विष्ठ लागतो, पण मुरेल.
हा म्हणजे कोण, विचारलं. माझं नाव घ्या म्हटलं — बाई, एकदाच —
वहीत शेरा लिहायला बसलो. सुचलं तेवढं लिहिलं. गोड. गवतासारखा. बरा.
नवा चाखणारा सोमवारी येतोय. शहाणा आहे म्हणे. त्याच्यासाठी चिठ्ठी — एकवीस दिवस उघडू नये, एकटी मु