टाकीवरचा रेडिओ

सर, टक टक टक टक असा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. सौसरच्या बसस्टँडच्या वळणावर आधी तुमच्या मोटरसायकलची भकभक यायची आणि मागोमाग ही बारीक टकटक, टाकीवर पट्ट्यानं बांधलेल्या रेडिओतून, जणू कोणी सुपात कोरडी तूर उडवून राहिलं आहे. तुम्ही गाडी रेटली की ती वाढायची, हळू केली की मंदावायची. आज सकाळी दारावरून एक जुनी गाडी गेली आणि मी हातातला चहा तसाच ठेवून उठलो. चाळीस वर्षं होत आली. माझे केस गेले, दुकान गेलं, रेडिओ दुरुस्त करायला आणणारी माणसंही गेली. तुमचा रेडिओ मात्र समोर फळीवर आहे. तो खाली काढला, पुसला आणि लिहायला बसलो.

तुम्ही आम्हाला आठवीत मराठी शिकवायचे. अख्खा वर्ग काळा म्हणायच्या जागी ‘काया’ म्हणायचा आणि डोळा म्हणायच्या जागी ‘डोया’, आणि तुम्ही खिडकीतल्या पळसाकडे बोट दाखवून एकेकाला उभं करायचे. पळस म्हण. पुन्हा म्हण. जीभ वर वळव. कविता आधी ओठांना कळते, मग डोक्याला, असं तुमचं म्हणणं. वर्गाबाहेर पडलात की तुम्हीच ‘माले’ आणि ‘तुले’ बोलायचे, त्याची आम्हाला मोठी गंमत वाटायची. मी दहावी नापास झालो, रेडिओचं काम शिकलो, पण तुमच्या कविता काही सुटल्या नाहीत. गरम कावियानं तारेला कथलाचा डाग देताना मी त्या पुटपुटत बसायचो आणि गिऱ्हाईक विचारायचं, मंत्र म्हणून दुरुस्त करतोस का रे.

पुढे तुम्हाला शाळा तपासायची बढती मिळाली आणि दौऱ्यासाठी ही मोटरसायकल आली. पांढुर्ण्याहून सौसर, सौसरहून लोधीखेडा, बोरगाव. त्याच वर्षी तुम्ही हा रेडिओ माझ्या दुकानात आणून ठेवला आणि म्हणालात, घरात नको मला हा, तू ठेव. मी समजलो भेट दिली. खरं कारण मागाहून गावाकडून कळलं. तुमच्या एकुलत्या मुलीनं लोधीखेड्याच्या शाळेतली पक्की नोकरी सोडली आणि नागपूरला रेडिओवर बोलायला गेली, रोजीवर. आई लहानपणीच गेलेली, तुम्हीच वाढवलेली, तुमच्याच शाळेत जीभ वळवायला शिकलेली. तुम्ही तिला म्हणालात, रोजीनं बोलणाऱ्या पोरीला या घरात जागा नाही. ती म्हणाली, बाबा, आता तुम्हीच या, मी येणार नाही. हे तुम्ही मला नंतर सांगितलं, दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगावी तसं, बोरगावच्या चढावर, पळसाखाली, गाडी बंद करून.

सहा महिन्यांनी तुम्ही आलात आणि रेडिओ परत मागितला. गाडीवर बसवून दे म्हणालात, बातम्या ऐकायच्या असतात. बातम्यांची वेळ सकाळ-संध्याकाळ आणि तुम्हाला रेडिओ हवा होता भरदुपारी, बायकांच्या कार्यक्रमाला, जेव्हा तुम्ही रस्त्यावर असायचे. मी टाकीचं माप घेतलं. टाकीवर रबर घालून पट्ट्यानं बांधून दिला. दुसऱ्याच दिवशी तुम्ही हजर.

“नुसती टकटक करून राहिला बे हा. तुले काम येते का नाही?”

मी म्हटलं सर, गाडी बंद करा. बंद केली, टकटक गेली. पुन्हा चालू केली, पुन्हा आली. म्हणजे रेडिओ निर्दोष, खोडी गाडीची. प्लगमध्ये ठिणगी उडते तेवढ्या वेळा रेडिओला चिमटा बसतो. मग मी प्लगची टोपी बदलली, आत ठिणगीचा झटका दाबणारा रेझिस्टन्स बसवलेली टोपी नागपूरहून आणली. पट्ट्याखालचा रंग खरवडून गाडीच्या लोखंडाला जाड तार जोडली. टकटक बारीक झाली, तरी पांढुर्ण्याच्या रस्त्यावर आवाज बुडायचा. त्याचं कारण सापडायला मला आठ दिवस लागले. रेडिओच्या आत एक काळी कांडी असते, तिच्यावर तार गुंडाळलेली. तिची बाजू स्टेशनकडे असली तर ऐकू येतं, टोक असलं तर नाही. तुमचा रस्ता पूर्वेला आणि नागपूर उजव्या हाताला खाली. मी रेडिओ टाकीवर तिरपा बसवला. तुम्ही गाडीभोवती फिरून पाहिलं. मग म्हणालात, “हा तर मान वळवून बसला रे. आपल्याले नाही जमत ते याले जमलं.”

ते चार महिने, सर, मी अजून जपून ठेवले आहेत. आठवड्यातून एकदा तुम्ही मला मागे बसवून बोरगावच्या चढावर न्यायचे, चाचणी म्हणून. तिथे नागपूर काचेसारखं साफ यायचं. ती बोलते आहे, लोणच्याबद्दल, लहान मुलांच्या खोकल्याबद्दल, आणि तुम्ही डोळे मिटून तिचे ‘ळ’ मोजता आहात. एखादा नीट लागला की बोट टाकीवर आपटता. दुकानात परत आल्यावर काउंटरवर टेकून सरकारी दौरा-डायरी भरायचे. सौसर, रेडिओ दुरुस्ती, एक तास. मी म्हणायचो सर, हे कशाला लिहिता, वरचे साहेब विचारतील. तुम्ही म्हणायचे, जे झालं ते लिहावं.

मग पावसाळा संपता संपता तिचा आवाज थांबला. त्या वेळेला दुसरी कोणी बाई बोलू लागली. दुकानातल्या मोठ्या सेटवर मला पहिल्याच दिवशी कळलं. तुम्हाला कळलं नाही. की कळून घ्यायचं नव्हतं, देव जाणे. तुम्ही तिसऱ्या दिवशी आलात, गाडी स्टँडवर लावली आणि रेडिओलाच दोष दिलात. “आवाज बदलल्यासारखा येऊन राहिला. नाकातून. ‘ळ’ तर पार गेला. पाय ना जरा, काय बिघडलं.” तुमचा विश्वास रेडिओवरून उडाला, पोरीवरून नाही. मी म्हटलं, पाहतो सर.

पुढच्या आठवड्यात सामान आणायला नागपूरला गेलो तेव्हा रेडिओ केंद्राच्या फाटकावर विचारलं. चौकीदारानं सांगितलं, घशात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, दवाखान्यात आहे, आवाज परत येईल की नाही सांगता येत नाही. मग मला नीट पाहत त्यानं विचारलं, तुम्ही तिकडचेच काय? बाई रोज पाटीवर लिहून विचारते म्हणे, बाबा आले का.

बसमध्ये मी तुम्हाला सांगायचं वाक्य जुळवत होतो. सौसर येईपर्यंत ते पाठ झालं होतं. तुम्ही दुकानासमोर गाडी लावून माझीच वाट पाहत होता. मला पाहून हसलात आणि म्हणालात, “घे, पाय. आज रस्त्यानं एक-दोन शब्द तिच्यासारखे आले. तेवढी खरखर काढ, मंग ती साफ येईन.” माझं पाठ केलेलं वाक्य तिथंच मोडलं. मी रेडिओ उघडला, पाठ तुमच्याकडे केली आणि काळ्या कांडीवरच्या तारेचा डाग उपटून ती नुसती टेकवून ठेवली. आता गाडी चालू असो की बंद, पळसाखाली असो की घरात, सगळीकडे खरखरच. कोणती बाई बोलते ते कोणालाही ओळखू येणार नाही. सामान मिळत नाही सर, म्हटलं, येत राहा, जमवू.

तुम्ही येत राहिलात. आठवड्यातून एकदा, मग दोनदा. मी झाकण काढायचो, काहीबाही टोचायचो, तुम्ही चहा घेत कविता म्हणायचे, डायरी भरायचे आणि ती खरखर घेऊन परत जायचे. तीन महिने. तिकडे ती पाटीवर लिहीत होती. इथून नागपूर दोन तासांवर. थंडीत एका सकाळी कळलं, झोपेतच गेलात. पुतण्यानं सगळं केलं, गाडी त्यानं नेली, रेडिओ बिघडलेला म्हणून माझ्याकडे पाठवला. तिचं पुढे काय झालं मी कधी विचारलं नाही. ती गेलीच असेल असं धरून चाललो, कारण ती असती तर मला उत्तर द्यावं लागलं असतं.

इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो की ती दया होती. खरखरीच्या पलीकडे तुमची मुलगी आहे असं तुम्हाला वाटत राहावं म्हणून मी ते केलं. शाळेत शिकलेल्या कवितांनी माझ्यासारख्याला एवढंच दिलं, वाईट कामाला चांगले शब्द. आता खिशातल्या फोनवर सारं साफ ऐकू येतं, एक कण खरखर नाही, आणि ऐकावं असं कोणी उरलं नाही. तो डाग मी आजपर्यंत दिलेला नाही. आजही

मध्येच उठावं लागलं, सर. दार वाजलं. उघडलं तर एक म्हातारी बाई, गळ्याला घट्ट गुंडाळलेला स्कार्फ, हातात जुन्या वह्यांची पिशवी. तिनं विचारलं, सौसरच्या बसस्टँडवर रेडिओचं दुकान होतं ते तुमचंच का. आवाज असा की दोन स्टेशनांच्या मधे काटा अडकावा. पण मग ती म्हणाली की पांढुर्ण्याचं घर विकायला काढलं, त्यात बाबांच्या दौऱ्याच्या डायऱ्या मिळाल्या, आणि ‘मिळाल्या’तला तो ‘ळ’ तिनं जीभ वळवून इतका नीट लावला की माझा हात दाराच्या कडीवरच राहिला. नाव विचारायची गरज पडली नाही. ती आत आली, पुसून ठेवलेला रेडिओ तिनं ओळखला, डायरी उघडली आणि पानावर बोट ठेवून फिरवत नेलं. सौसर, रेडिओ दुरुस्ती. सौसर, रेडिओ दुरुस्ती. शेवटच्या तीन महिन्यांत दर आठवड्याला.

“एवढं काय बिघडायचं हो यात?” तिनं विचारलं. “बाबांना नागपूरला यायला वेळ मिळाला नाही, आणि इथे मात्र येत होते.”

मी पाणी आणतो म्हणून हा कागद घेऊन आत आलो. ग्लास भरून ठेवला आहे आणि उभ्यानं हे लिहून राहिलो. तिला सांगायचं ते आधी तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही आता काही विचारणार नाही. यात काहीच बिघडत नव्हतं, सर. आवाज साफ झाला असता तर तुम्हाला माझ्याकडे यायचं कारण उरलं नसतं. तुम्ही यावं म्हणून मी ती तार सोडून ठेवली होती.