बत्तिसावा अहवाल

१४ जानेवारी, मंगळवार
पारा शून्याखाली वीस. दारातला बर्फ काढला. माझ्या जुन्या कॉलेजची मेल आली. यंदा आमच्या डुलुथ गावातून मुलाखतीला एकच अर्जदार, टेस लिंडक्विस्ट.
माजी विद्यार्थी म्हणून अठरा वर्षांत मी एकतीस मुलामुलींच्या मुलाखती घेतल्या, अहवाल पाठवले. प्रवेश एकालाही नाही. माझी बायको डोरीन म्हणायची, "रॉल्फ, तू माजी विद्यार्थी आहेस की पनवती?" यंदा म्हणायला ती नाही. टेसला प्रवेश मिळवून द्यायचाच. नियम: चाळीस मिनिटं तिने बोलायचं, पाच मी.

१८ जानेवारी, शनिवार
लायब्ररीसमोरच्या कॅफेत भेटलो. कॉलेजचा टाय घातला होता. तिचे वडील गोदीवर जहाजांत खनिज भरतात. घरातून कॉलेजला जाणारी ती पहिलीच.
नियम साधारण पाळला. कॉलेज कसं होतं, एवढंच तिने विचारलं. वल्ह्यांच्या शर्यती सांगितल्या, मग डोरीन तिथे कशी भेटली ते, मग ओघाने आजारपण. टेस मधूनमधून "आणि मग?" म्हणत होती. पन्नास मिनिटं झाली. तिने कागदी रुमाल पुढे केला. त्या कॅफेतल्या हीटरचा माझ्या डोळ्यांना त्रास होतो.
मुलगी बोलकी आहे.

१९ जानेवारी
अहवालाला बसलो. 'अर्जदाराचे छंद' इथे अडलो. विचारायचे राहिले. शेजारचा गॉर्डी म्हणाला, "मग फोन कर की, बाबा." तसं करणं बरं दिसत नाही.

२ फेब्रुवारी
अहवाल पूर्ण. दोन पानं. छंदांच्या जागी लिहिलं: 'नऊ महिन्यांत माझ्या पत्नीविषयी मला "आणि मग?" असं विचारणारी ही पहिलीच व्यक्ती.' एवढा सरस अहवाल मी कधी लिहिला नव्हता.

१६ फेब्रुवारी
कॉलेजकडून आठवण करून देणाऱ्या चार मेल. त्या आळशी लोकांसाठी असतात. उघडल्या नाहीत.

२७ मार्च, गुरुवार
टेसचा फोन. प्रवेश मिळाला. "मिस्टर हॅल्वर्सन, तुमच्यामुळेच." मी फारसं नाकारलं नाही. गॉर्डी म्हणाला, "अठरा वर्षांनी का होईना, तुझं गलबत धक्क्याला लागलं."

२८ मार्च
अहवाल पुन्हा वाचावा म्हणून कॉलेजची साइट उघडली. वर लाल अक्षरांत: मसुदा. पाठवलेला नाही. मुदत संपली.
लिहून झालं की मी उठायचो. मग डोरीन खुर्चीत बसून शुद्धलेखन तपासायची. शेवटी एक बटण दाबावं लागतं, हे ती कधी बोलली नाही.
म्हणजे एकतीस अहवाल पोचले आणि एकतीस अर्जदार पडले. पोचला नाही तो अहवाल हाच.

२९ मार्च
गॉर्डीला सांगणार नाही. टेसला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मला माझ्याच जोरावर प्रवेश मिळाला?"
हो म्हटलं.
"आणि तुम्ही काय लिहिलं होतंत?"
अहवाल अर्जदाराला दाखवायचा नाही, असा कॉलेजचा नियम आहे. पण हा कॉलेजकडे नाहीच.
दोन्ही पानं छापली. शुद्धलेखन तपासलं, तीन चुका निघाल्या. पाकीट बंद करून तिकीट लावलं. फाटकापाशी जाऊन ते टपालपेटीत ठेवलं आणि पत्र न्यायचं आहे हे पोस्टमनला दिसावं म्हणून पेटीचा लाल झेंडा वर केला.