देवीखालचा बोल्ट

प्रिय अण्णा,

आज चार वाजता गॅरेजवाले काशिनाथकाका ग्राइंडर घेऊन येणार आहेत. त्याआधी तुम्हाला एक विचारायचं होतं. विचारायला तुम्ही नाही, म्हणून पडवीत बसून लिहितोय. समोर तुमची जीप उभी आहे. बॉनेट नाही, सीट नाहीत, टप नाही. तुम्ही पाहिली असती तर मला काय म्हणाला असता?

तुम्हाला जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून जीप शेडमध्येच होती. मागच्या महिन्यात आईनं विचारलं, "ती परत चालंल का रं?" मी पटकन हो म्हणून गेलो. काकांनी खाली वाकून पाहिलं. म्हणाले, चेसीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, वेल्डिंग लागेल, आणि त्यासाठी वरची बॉडी अख्खी उचलून बाजूला ठेवावी लागेल.

रविवारी आपल्या विचुंबे गावातली आठ माणसं आली. काकांनी बॉडीचे सगळे बोल्ट आदल्या दिवशी मोजून काढले होते. सगळ्यांनी मिळून उचलली. डावी बाजू वीतभर वर आली, उजवी जागची हलेना. पत्रा करकरला, बॉडी कलली आणि शेजारच्या रमेशची बोटं खाली सापडता सापडता राहिली. तरी अंगठ्याचं नख काळं पडलंय. "नख काय, परत येतं," म्हणून तो हसला. मला हसता आलं नाही.

"ही कुठंतरी धरून हाय," काका म्हणाले आणि टॉर्च घेऊन आत शिरले. बाहेर आले ते माझ्याकडे बघतच. "सदू, तुझ्या अण्णानी देवीला पन नटबोल्टानं बसवलीय. नाय तर ती पळून जानार होती का?"

सगळे हसले. पण अण्णा, चूक माझी होती. ड्रायव्हरच्या सीटमागचं देवीचं स्टँड काढू या, असं काका आधीच म्हणाले होते. मीच म्हणालो, तेवढं राहू द्या, ते अण्णांचं आहे.

तो बोल्ट मला माहीत नव्हता का? वाडीवरच्या एका बाईला बाळंतपणासाठी पनवेलला नेताना खड्ड्यात देवीचा टाक खाली पडला होता. बाई सुखरूप सुटली, पण तुम्हाला रात्रभर झोप नव्हती. दुसऱ्या दिवशी तुम्ही टाकासाठी खाचेचं स्टँड केलंत आणि पत्र्याला भोक पाडून त्याचा लांब बोल्ट थेट चेसीत घातलात. "रस्त्यात सगळं हलू दे, ती हलता कामा नये." मी तेव्हा लोखंड बाजारात नुकताच कामाला लागलो होतो. खालून पाना मीच धरला होता. मग रविवारी मला आठवलं नाही, की देवीला हात लावायला नको म्हणून मी आठवूच दिलं नाही?

सगळे गेल्यावर मी जीपखाली शिरलो. तीस वर्षं लोखंडात काढली, गंज मला बोटाला कळतो. बोल्टाभोवती चेसीचे पापुद्रे सुटत होते. तुम्ही रोज सकाळी टाकावर पळीभर पाणी घालायचात आणि जास्वंदीचं ओलं फूल वाहायचात. ते पाणी बोल्टावरून खाली उतरत राहिलं. तुमच्यामागे तीन वर्षं मीही तेच केलं. खाली काय चाललंय हे एकदाही का पाहिलं नाही मी?

काका म्हणतात, गंजलेला बोल्ट आता खोलत नाही, तो कापल्याशिवाय कळणार नाही. आत लोखंड उरलं असेल तर जोडता येईल. नसेल तर जीप कळंबोलीला भंगारात.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. फूल तीच तोडते, तीच धुते. अजून रोज वाटीत घालून माझ्या हातात देते. "पाणी झटकू नको रं, देवीला गार वाटतं," म्हणते. तिला कसं सांगू?

आज सकाळी अंघोळ करून टाकासमोर हात जोडले. म्हटलं, देवी, थोडे दिवस घरात बस. टाक स्टँडच्या खाचेतून उचलला. खाली, बोल्टाच्या डोक्यावर, टायरच्या ट्यूबचा गोल तुकडा कापून बसवलेला होता. तो काढला तर खाली आणखी एक, त्याखाली तिसरा. सगळ्यांत खालचा कडक होऊन तडकलेला, वरचा अजून मऊ. मध्ये ग्रीस.

म्हणजे पाणी खाली उतरतंय हे तुम्हाला माहीत होतं, अण्णा. किती वर्षांपासून? आणि गुपचूप रबरावर रबर घालत राहिलात, पण आईला एका शब्दानं बोलला नाहीत? निदान मला तरी सांगायचं होतं. चौथा तुकडा मी घातला असता.

तुम्हाला विचारायचं होतं ते हेच, बोल्ट कापू का? चेसी वाचावी म्हणूनच तुम्ही रबर घालत होतात, तेव्हा आता तुमचं उत्तर मिळालं असं मी धरतो. ग्राइंडर मी स्वतः चालवणार आहे. दुसऱ्या कुणाला देणार नाही.

चेसी वाचली तर टाक त्याच जागी बसवीन. नाही वाचली तर घरातल्या देव्हाऱ्यात ठेवीन. दोन्हीकडे फूल आईच्या हातचंच असेल. जीपमध्ये असेल तर पळीचं पाणी घालणार नाही, आणि ती बघत नसताना मी फूल रुमालात टिपून घेईन, मग वाहीन. पाण्यानं चेसी गंजली हे तिला कधी कळू देणार नाही, हा शब्द देतो.

फाटकाशी काकांची स्कूटर थांबली. उठतो.

तुमचा
सदू