नारळ फुटल्यावर

बाबा, तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहिते. मी इथे हिमालयात बर्फ तपासायचं काम करते. उतारावर छातीइतका खड्डा खणायचा आणि थर बघायचे. आधी मूठ दाबायची, मग चार बोटं, मग एकच बोट. वरचा थर कडक आणि खालचा साखरेसारखा सुटा निघाला, की वरचं सगळं कधीही घसरतं आणि खालच्या माणसांना गाडून टाकतं. शिकवणाऱ्या साहेबांना वाटलं, पोरगी भलतीच हुशार आहे. त्यांना काय माहीत, मी तेल्हाऱ्याकडच्या विहीर खोदणाऱ्या मिस्त्रीची मुलगी. भिंतीत बोट खुपसून माती ओळखायला तुम्हीच शिकवलं होतं.

त्या वर्षांत पाणी खाली खाली चाललं होतं आणि जो तो विहीर खोल करून घेत होता. त्या सकाळी मी तुमचा डबा घेऊन आले, तेव्हा तुम्ही काठाखालच्या पायरीवर वाकून विहिरीच्या भिंतीत बोट घालून पाहत होतात. ते पार मुळापर्यंत आत गेलं. "हे पाय पोरी, मुरमाखाली नुसती रेती हाय. हा थर थांबत नाही," तुम्ही मला हळूच म्हणालात. तेवढ्यात मालकानं काठावर नारळ फोडला. मामा, आईचा सख्खा भाऊ, दोर धरून उभा आहे. तो विचारतो, "भाऊजी, उतरू ना?" आणि तुम्ही खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून मान हलवता. दुपारी भिंत बसली. मामाला बाहेर काढायला संध्याकाळ झाली.

तेराव्यानंतर मी विचारलं होतं, "कावून नाही बोलले तुमी?"

"नारळ फुटल्यावर विहिरीवर अभद्र बोलत नसतात, पोरी."

अभद्र! आणि मामाचं मढं काय शुभ होतं? मालक चिडला असता, दुसरा मिस्त्री आणला असता. आणू द्यायचा होता. तुम्हाला कळलं नसतं तर मी केव्हाच माफ केलं असतं. पण तुम्हाला कळलं होतं, बाबा.

परवा इथे बर्फ हटवायच्या यंत्राला हार घातला, नारळ फुटला. वरच्या उताराचा थर मी नुकताच पाहून आले होते. सगळ्यांसमोर ओरडले, "कोणीही पुढे जायचं नाही." पूजेचं ताट घेतलेला मुकादम माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. काम बंद झालं. उतार अजून जागचा हललेला नाही आणि मजूर माझ्याशी बोलत नाहीत. नका बोलू म्हणावं. चहाला तरी सगळे दिसतात.

हे पत्र टाकायचं तर घरच्याच पत्त्यावर, आणि तुम्ही गेल्यापासून तिथे आई एकटी आहे. काल फोनवर तिनं पुन्हा विचारलं, "त्या दिवशी तुह्या बाबाले काहीच समजलं नसन का वं?"

मी म्हटलं, "नाही समजलं, आई." दरवेळी हेच सांगते.