सुशीला ज्या पानावर रडली

रत्नागिरी, बुधवार, १७ ऑक्टोबर १९८४

मत्सर वाटतो आहे, आणि तोही सुशीलाचा. लग्नाच्या बायकोचा! लिहितानाही लाज वाटते.

ज्या कादंबरीने मला घडवले असे मी वीस वर्षे व्यासपीठांवरून गर्जत आलो, ती तिने आज पहिल्यांदा वाचली. संध्याकाळी घरी आलो तर ही पडवीत बसलेली, मांडीवर पुस्तक उघडे, डोळे सुजलेले. स्टोव्हवर बांगड्याचे सार करपलेले.

"काय आवडलं? सांग ना!"

"नाही सांगणार. तुम्ही लगेच त्याचं भाषण कराल."

ते उघडे पान पाहिले. एक बाई अंगणात भात वाळत घालते आणि घरात जाते. बस्स. अन्याय नाही, बंड नाही, टाळी घेईल असे एक वाक्य नाही. या पानावर मी कधी थांबलोच नव्हतो. मघापासून पुन्हा पुन्हा वाचतो आहे. भात वाळत घालते आणि घरात जाते. यात रडण्यासारखे काय आहे? इतकी वर्षे पुस्तक माझे, माझ्यासाठी मात्र हे पान कोरडेच. आणि ही एका दुपारीत...

उद्या पालीच्या वाचनालयात याच कादंबरीवर बोलायचे आहे. या विषयावरचे माझे भाषण सुशीलाने आजवर कधी चुकवलेले नाही, नेहमी पहिल्या रांगेत असते. ताकभात जेवताना सहज म्हणालो, "उद्या दुपारच्या एस.टी.ने निघू."

"तुम्ही जाऊन या. मी कशाला? आता वाचलंय की मी."